‘हा तर मीच!’ म्हणून झाल्यावर ‘ऑब्लोमोव्ह’ कशी वाचायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा जणांच्या वाचनगटाने इव्हान गोंचारोव्हची ‘ऑब्लोमोव्ह’, पलंगावरून न उठणाऱ्या जमीनदाराची रशियन कादंबरी, वाचायला घेतली. पहिल्याच बैठकीत एकेक जण म्हणाला, “हा तर मीच!” हशा झाला, आपापल्या चालढकलीचे किस्से सांगून झाले आणि अर्ध्या तासात बोलणे आटपले. दोघांनी शंभर पानांच्या आतच पुस्तक मिटले. बाकीच्यांना ऑब्लोमोव्हचा उद्योगी मित्र स्टोल्झ नकोसा वाटतो, त्याच्या प्रेमात पडलेल्या ओल्गाचे काय चालले आहे ते कळत नाही, आणि पुढे जायला जोर येत नाही. पुढच्या बैठका कशा घ्याव्यात?

पहिली गोष्ट, ‘हा तर मीच’ म्हणणाऱ्यांना गप्प बसवू नका. कादंबरी १८५९च्या पहिल्या चार महिन्यांत ‘ओतेचेस्तव्हेन्निये झापिस्की’ या मासिकातून आली. त्याच वर्षी निकोलाय डोब्रोल्युबोव्ह या तेवीस वर्षांच्या समीक्षकाने लिहिले की आपल्या प्रत्येकात ऑब्लोमोव्हचा बराच मोठा अंश बसलेला आहे, त्याचा मृत्युलेख लिहायला अजून अवकाश आहे. म्हणजे पहिल्या पिढीच्या वाचकांनीही स्वतःलाच पाहिले होते. डोब्रोल्युबोव्हने मात्र ते आरोपपत्र म्हणून वाचले, आणि तुमच्या गटात ते विनोद म्हणून वाचले गेले.

गडबड होते ती अर्धीच खोली बघितल्यामुळे. वाचकाला पलंग दिसतो, पलंगावरचा माणूस दिसतो. दाराशी उभा असलेला त्याचा नोकर झाखार दिसत नाही, दूरच्या प्रांतात राबणारे साडेतीनशे भूदास, म्हणजे जमिनीला बांधलेले, जमीनदाराच्या मालकीचे शेतकरी, दिसत नाहीत, आणि शेवटच्या भागात त्याची घरमालकीण आगाफ्या हिने गहाण टाकलेले मोती तर बहुतेकांच्या नजरेतून निसटतातच. म्हणून एकच नियम ठेवा. ज्याला ‘हा मीच’ म्हणायचे आहे त्याने जागा सांगायची: भाग, प्रकरण, नेमका प्रसंग. आणि त्या प्रसंगात ऑब्लोमोव्हखेरीज कोण आहे, त्याच्या लोळण्याचे मोल कोण मोजते आहे, हेही त्यानेच सांगायचे. खरी चर्चा या दुसऱ्या अर्ध्यातून निघते.

आता तयारी. कादंबरीचे चार भाग आहेत, अनुक्रमे ११, १२, १२ आणि ११ प्रकरणांचे. इंग्रजी अनुवाद साधारण पाचशे ते साडेपाचशे पानांचा भरतो. दर पंधरा दिवसांनी एक अशा पाच बैठका धरल्या तर रोज सात-आठ पाने पडतात, नोकरी सांभाळून होण्यासारखी. पाच बैठकांची वाटणी भागांप्रमाणे सरळ करू नका. पहिली बैठक पहिल्या भागातल्या आठ प्रकरणांवर, दुसरी नवव्या प्रकरणापासून दुसऱ्या भागाच्या चौथ्या प्रकरणापर्यंत, तिसरी दुसऱ्या भागाच्या उरलेल्या मजकुरावर, चौथी तिसऱ्या भागावर आणि पाचवी चौथ्यावर. भाग संपतो तिथे बैठक तोडली की ‘ऑब्लोमोव्हचे स्वप्न’ हे सर्वांत महत्त्वाचे प्रकरण पाहुण्यांच्या गर्दीत शेवटी येते आणि त्याला दहा मिनिटेही मिळत नाहीत.

प्रत कोणती आहे ते आधी विचारून घ्या. इंटरनेटवर फुकट मिळणारा अनुवाद बहुधा सी. जे. हॉगार्थ यांचा, १९१५चा असतो, आणि तो संक्षिप्त आहे. चर्चेत कुणी म्हणते, “हा प्रसंग माझ्या पुस्तकात नाहीच,” त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. पूर्ण मजकूर हवा तर नॅटली डडिंग्टन (१९२९), डेव्हिड मॅगरशॅक (१९५४), स्टीफन पर्ल (२००६) किंवा मॅरियन श्वार्ट्झ (२००८) यांच्यापैकी कुणाचाही घ्या. गटात दोन-तीन वेगवेगळे अनुवाद असले तर उलट चांगले, एखादे वाक्य अडले की ताडून बघता येते. पान क्रमांकाने मात्र बोलू नका, भाग-प्रकरणाने बोला.

नावांना मराठी वाचकाने बिचकायचे खरे तर कारण नाही. आपल्याकडेही मधले नाव वडिलांचेच असते. इल्या इल्यिच ऑब्लोमोव्ह म्हणजे इल्याचा मुलगा इल्या. नाव आणि पितृनाम जोडून घेणे ही आदराने बोलवायची रीत, आपल्या ‘राव’ किंवा ‘पंत’सारखी. घरातले लहानपणी त्याला इल्यूशा म्हणतात. वडील इल्या इव्हानोविच. बापाचेच नाव मुलाला लागले आहे हे एका कोपऱ्यात लिहून ठेवा, चौथ्या भागात लागेल. आडनावेही बोलकी आहेत. रशियनमध्ये ‘अब्लोमोक’ म्हणजे मोडून पडलेला तुकडा. जर्मनमध्ये ‘श्टोल्त्स’ म्हणजे अभिमानी. आगाफ्याचे आडनाव प्शेनित्सिना, आणि ‘प्शेनित्सा’ म्हणजे गहू.

पहिल्या आठ प्रकरणांत माणसे पुस्तक सोडतात, कारण तिथे कथानक शोधले जाते आणि ते तिथे नाहीच. सगळा पहिला भाग एका दिवसाचा आहे, १ मे. तेव्हाची रशियन दिनदर्शिका बारा दिवस मागे चाले, म्हणजे आपल्या हिशेबाने १३ मे. सगळे पीटर्सबर्ग येकातेरिनहोफला वसंताच्या मेळ्याला निघाले आहे, आणि गोरोखोवाया रस्त्यावरच्या घरात बत्तीस-तेहतीस वर्षांचा एक जमीनदार उठू की नको करतो आहे. त्याच्यापुढे दोन संकटे आहेत: गावच्या मुखियाचे पत्र आले आहे की यंदा उत्पन्न घटणार, आणि घरमालक घर सोडा म्हणतो आहे. दोन्हींबद्दल दिवसभरात काहीही होत नाही. मध्ये पाहुणे येतात आणि जातात.

या पाहुण्यांसाठी कागदावर तीन रकाने आखा: कोण आला, तो कशात गुंतला आहे, आणि तो गेल्यावर ऑब्लोमोव्ह काय म्हणाला. व्होल्कोव्ह एका दिवसात दहा ठिकाणी जाणार असतो; तो गेल्यावर ऑब्लोमोव्हला त्याची कीव येते, एवढ्या तुकड्यांत माणूस उरतो कुठे? सुदबिन्स्की कचेरीत बढती मिळवत वर चालला आहे. ऑब्लोमोव्हच्या मते तो कामात कानापर्यंत रुतला आहे आणि बाकी जगाला आंधळा-बहिरा झाला आहे. पेन्किन हा लेखक. रात्री जागून लिहितो, तर हा झोपतो कधी, असा ऑब्लोमोव्हला प्रश्न पडतो. तक्ता भरला की गटाच्या लक्षात येते की पलंगावरचा माणूस मूर्ख नाही, त्याचे निदान दरवेळी बरोबर असते.

पेन्किनचा प्रसंग मोठ्याने वाचा. पेन्किन समाजातल्या दुर्गुणांवर कोरडे ओढणाऱ्या साहित्याचे कौतुक करतो आणि ऑब्लोमोव्ह एकदम पेटतो: चोर दाखवा, पतित स्त्री दाखवा, पण त्यात माणूस दाखवा, त्याच्यावर प्रेम करा! बोलता बोलता तो उठून पेन्किनसमोर उभा राहतो. मग अचानक गप्प होतो, मिनिटभर तसाच उभा राहतो, जांभई देतो आणि सावकाश सोफ्यावर आडवा होतो. या तीन-चार हालचालींत सगळी कादंबरी आहे. त्याला उभे करणारी गोष्ट कोणती, आणि ती मिनिटभरापेक्षा जास्त का टिकत नाही, एवढ्या दोन प्रश्नांवर अर्धा तास सहज जातो.

दुसरी जागा आठव्या प्रकरणातली, चालढकल करणाऱ्या प्रत्येकाला बोचणारी. ऑब्लोमोव्ह एकदाचा घरमालकाला पत्र लिहायला बसतो. दोन ओळी लिहून होतात आणि त्याला खटकते की एकाच वाक्यात ‘जो’ दोनदा आला आहे, आणि ‘की’सुद्धा दोनदा. शब्द बदलून बघतो, अर्थ बिघडतो. शेवटी कागद फाडून टाकतो. आळशी माणूस पत्र लिहायला बसतच नाही, हा बसला आणि वाक्याच्या सुबकपणात अडकला. ‘हा मीच’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे खरे साम्य इथे असते, पलंगाशी नसते. त्यांना ही जागा दाखवून द्या.

याच प्रकरणात झाखारच्या तोंडून निघून जाते की ‘इतर लोक’ घर बदलतात, मग आपल्याला काय हरकत? त्यावर ऑब्लोमोव्ह दुखावतो आणि झाखारला लांबलचक ऐकवतो: मला ‘इतरां’च्या रांगेत बसवतोस? मी कधी राबलो आहे का? देवाच्या दयेने जन्मात एकदाही मी स्वतःच्या हाताने पायमोजा चढवलेला नाही! झाखार अखेर रडू लागतो. हा प्रसंग वाचल्यावर हात वर करायला सांगा, अजून कोण कोण ‘मीच’ म्हणते आहे. हात खाली येतात. त्याच वेळी थांबून विचारा की खाली का आले. पहिल्या प्रकरणातला ऑब्लोमोव्ह आणि आठव्यातला एकच आहे, मधल्या काळात तो बदललेला नाही.

साडेतीनशे हा आकडाही समजावून सांगावा लागतो. रशियात भूदासांची गणती ‘आत्म्यां’वर होई, आणि ती फक्त पुरुषांची. म्हणजे साडेतीनशे आत्म्यांमागे त्यांच्या बायका, मुली, सगळी कुटुंबे धरली तर माणसे कितीतरी जास्त. आई-वडिलांच्या पश्चात जहागिरीतून वर्षाला सात ते दहा हजार कागदी रुबल येत असत, आणि मुखियाचे पत्र दोन हजारांची तूट सांगते. कोकणातले वाचक इथे खोतीची आठवण काढतात. तुलना काही अंतर चालते, पण आपल्या खोताला कूळ विकता येत नसे. रशियन जमीनदाराला भूदास विकता येई, गहाण टाकता येई. ही पद्धत १८६१मध्ये कायद्याने संपली, कादंबरी आली त्यानंतर दोनच वर्षांनी. आपल्यात कुणीतरी हमखास ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणते. म्हणू द्या, आणि मग दाखवा की या खाटल्यावर आणून देणाऱ्याला नाव आहे, पन्नाशी उलटलेली आहे, आणि त्याचा कोट काखेत उसवलेला आहे.

ऑब्लोमोव्हच्या अंगावरच्या झग्याबद्दलही एक गोष्ट मराठी वाचकाला सांगण्यासारखी आहे. रशियन शब्द आहे ‘खलात’. तो तुर्की भाषांमधून आला आणि मुळात अरबी ‘खिल्अत’, म्हणजे दरबारात मानाने पांघरलेले वस्त्र. आपल्या बखरींतली आणि पत्रव्यवहारातली ‘खिलत’ तीच. गोंचारोव्ह मुद्दाम नोंदवतो की झगा अस्सल पौर्वात्य आहे, युरोपची जराही छाया नाही, गोंडे नाहीत, मखमल नाही, आणि तो इतका ऐसपैस की ऑब्लोमोव्ह त्यात दोनदा गुंडाळला जाईल. बहुतेक अनुवादांत साधा ‘ड्रेसिंग गाउन’ होतो आणि मानवस्त्राचे घरकपडे झाले ही गोष्ट हरवते. पुढे झगा कधी अंगावरून उतरतो, कुठे पडून राहतो, कोण शोधून काढून ठिगळ लावते, याची नोंद एका जणाकडे सोपवा. चौथ्या बैठकीत ती नोंद वाचून दाखवली की कथानकाचा सांगाडा समोर येतो.

दुसऱ्या बैठकीसाठी ‘स्वप्न’ सगळ्यांनी दोनदा वाचून यावे. हे प्रकरण १८४९मध्येच, कादंबरीच्या दहा वर्षे आधी, स्वतंत्रपणे छापून आले होते, आणि बाकीचा बराचसा मजकूर गोंचारोव्हने १८५७च्या उन्हाळ्यात मारिएनबाड या आरोग्यस्थळी काही आठवड्यांत एका दमात लिहिला. त्यामुळे स्वप्न हे बीज समजून वाचता येते. सात वर्षांचा इल्यूशा, ऑब्लोमोव्हका गाव, दुपारचे जेवण, आणि मग घरभर, आवारभर पसरलेली वामकुक्षी: मालक, दाई, नोकर सगळे मेल्यासारखे झोपलेले. इथे बहुतेक वाचक ‘अशा घरात वाढलेला मुलगा आळशीच होणार’ म्हणून पुढे जातात, आणि नेमकी गोष्ट सुटते: त्या दुपारी गावात जागा असतो तो एकटा इल्यूशा. तो मोडकळीला आलेल्या सज्जावर चढतो, कोळी माशीचे रक्त शोषताना टक लावून बघतो. हिवाळ्यात तो घरच्यांची नजर चुकवून पोरांबरोबर बर्फ खेळायला पळतो. त्याला पकडून आणतात, पांघरुणांत गुरफटतात आणि तीन दिवस अंथरुणात ठेवतात. गोंचारोव्ह म्हणतो, त्याला बरे वाटायला एकच औषध होते, पुन्हा बर्फात खेळायला सोडणे.

याच प्रकरणात एक पत्र येते. ऑब्लोमोव्हकात पत्र म्हणजे धास्ती. ते काही दिवस न फोडताच ठेवले जाते. शेवटी उघडतात, तर एका ओळखीच्याने बिअरची कृती मागितलेली. उत्तर लिहायचे ठरते, टपालखर्चाचा विचार होतो, कृती शोधायची राहते आणि पत्र काही जात नाही. हे आणि घरमालकाला न लिहिलेले पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचा. मुलाने वडिलांचे नाव घेतले तशी वडिलांची पत्रेही घेतली.

मग येते दुसऱ्या भागाचे चौथे प्रकरण आणि स्टोल्झच्या तोंडचा तो शब्द, ‘अब्लोमोवश्चिना’. याला मराठीत काय म्हणायचे ते गटाने स्वतः ठरवावे, आणि त्यावर वेळ खर्च करावा. ‘ऑब्लोमोव्हपणा’ म्हटले तर तो एका माणसाचा स्वभाव होतो. ‘ऑब्लोमोव्हगिरी’ म्हटले तर चाळे होतात, जणू तो मुद्दाम करतो. रशियन ‘-श्चिना’ प्रत्यय यापेक्षा मोठा आहे: १७७३ ते १७७५ मधल्या पुगाचोव्हच्या बंडाळीला ‘पुगाचोवश्चिना’ म्हणतात, म्हणजे एका माणसाच्या नावाने ओळखला जाणारा सगळा काळ आणि कारभार. आपल्याकडे ‘मोगलाई’ या शब्दाने जे होते, राज्यही कळते आणि बजबजपुरीही, त्याच्या जवळ हा जातो. ‘ऑब्लोमोव्हशाही’ कानाला जड लागते, पण माझे मत त्याच बाजूला आहे, कारण त्या शब्दात झाखार आणि साडेतीनशे जण मावतात. याच प्रकरणात ऑब्लोमोव्हचा सर्वांत जोरकस युक्तिवाद आहे: शहरातली ही धावपळ, हे बातम्यांवरचे वाद, यात माणूस कुठे आहे, हे सगळे माझ्याहूनही गाढ झोपलेले नाहीत का? स्टोल्झकडे त्याला पुरेसे उत्तर नाही. गटातल्या कुणाकडे आहे का ते बघा.

स्टोल्झ न आवडणे स्वाभाविक आहे, तो लिहिलाच थोडा सपाट आहे. त्याला आवडून घ्यायचा आटापिटा करू नका, त्याचा हिशेब मांडा. अर्धा जर्मन, आई रशियन. मित्राची जहागीर सावरतो, त्याला ठकवणाऱ्यांच्या तावडीतून सोडवतो, शेवटी त्याचे मूल वाढवतो. दुसऱ्या बाजूला, लग्नानंतर क्रिमियातल्या सुखी घरात ओल्गाला एक अनामिक उदासी घेरते, आणि स्टोल्झकडे सांगण्यासारखे एवढेच असते की मान खाली घालून हा काळ जाऊ द्यावा. सगळ्या प्रश्नांना उत्तर असलेला माणूस इथे थांबतो. चौथ्या भागातले ते पान त्याच्याबद्दलचे मत पुष्कळ बदलते.

ओल्गा कळत नाही, कारण वाचक प्रेमकथा वाचायला बसतात. ती वाचून बघा एक उपक्रम म्हणून. विशीतली ही मुलगी ठरवते की या माणसाला जागे करायचे. काय वाचायला लावायचे, गावचा आराखडा कसा पुरा करून घ्यायचा, परदेशी कसे पाठवायचे, सगळी यादी तिच्या मनात तयार असते. ती ‘कास्ता दिवा’ हे ऑपेरातले गाणे गाते, लायलॅकची डहाळी तोडते, आणि काही आठवडे उपक्रम यशस्वीही होतो. दुसऱ्या भागात एका ठिकाणी लेखक साध्या शब्दांत लिहितो की ऑब्लोमोव्ह आता सातला उठतो, वाचतो, पुस्तके घेऊन कुठे कुठे जातो, चेहऱ्यावर झोप नाही की कंटाळा नाही. ‘तो जन्मजातच तसा’ म्हणणाऱ्यांपुढे हे वाक्य ठेवा. त्याला उठता येते.

मग अडते कुठे? प्रेम आटल्यामुळे अडत नाही, अडते कागदपत्रांत. लग्न करायचे तर गावी जायला हवे, हिशेब बघायला हवेत, घर लावायला हवे. तिसऱ्या भागात तो नेव्हा नदीपलीकडे, ‘विबोर्ग बाजू’ म्हणतात त्या वस्तीत, आगाफ्याच्या घरी राहतो. नदीत बर्फ वाहू लागले की तेव्हाचे तरते पूल काढून घेत. पूल नाहीत म्हणून भेटायला जाता येत नाही, आणि त्याला हायसे वाटते. पूल पुन्हा जोडले जातात तेव्हा तो बेचैन होतो. गटातल्या प्रत्येकाने आपापला ‘पूल’ मनातल्या मनात शोधावा, बोलून दाखवायची सक्ती करू नका. गावचा कारभार ऑब्लोमोव्ह एका अनोळखी माणसावर सोपवतो, तोही ठगांच्या टोळीतला निघतो. अकराव्या प्रकरणात ओल्गा म्हणते की मी भविष्यातल्या ऑब्लोमोव्हवर प्रेम केले. हे वाक्य तिच्या बाजूने एकाने आणि त्याच्या बाजूने दुसऱ्याने समजावून सांगावे, प्रत्येकी पाच मिनिटे. दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या नाहीत तर प्रसंग पुन्हा वाचायला हवा.

याच सुमारास गटात एक गंभीर वळण येते. कुणीतरी हसत नाही. कुणीतरी म्हणते की सकाळी उठणे मला खरोखरच जमत नाही, यात मजा काही नाही. त्या क्षणी गटातून चार स्टोल्झ उभे राहतात: व्यायाम कर, लवकर झोप, फोन बाजूला ठेव. सूत्रधाराने हे तिथल्या तिथे थांबवावे. ऑब्लोमोव्हला नैराश्य होते का, यावर निकाल लावायलाही बसू नका; कादंबरी रोगनिदान म्हणून लिहिलेली नाही, आणि त्या वादात समोरचा जिवंत माणूस बाजूला पडतो. त्याचे बोलणे पूर्ण ऐकावे, बैठकीनंतर एखाद्याने वेगळे बसून विचारपूस करावी, आणि त्रास बरेच आठवडे चालू असेल तर डॉक्टरांकडे जायला सोबत करावी. गटात मात्र पुस्तकाकडे परतावे. ओल्गा आणि स्टोल्झ यांच्या सल्ल्यांनी ऑब्लोमोव्हचे काय झाले, ते पुढच्याच पानांवर आहे.

चौथ्या भागात एक काम हिशेबात मुरलेल्या माणसाला द्या: विबोर्ग बाजूच्या घराचा जमाखर्च. ऑब्लोमोव्हचा लबाड ओळखीचा तारांत्येव्ह आणि आगाफ्याचा भाऊ मिळून ऑब्लोमोव्हकडून दहा हजार रुबलचा कर्जरोखा लिहून घेतात, आगाफ्याच्या नावाने. ती न वाचता सही करते आणि पैसा भावाकडे जातो. गावाहून येणारी रक्कम या खड्ड्यात पडू लागते, स्वयंपाकघर आक्रसते. आगाफ्या आपले मोती, चांदी, अंगावरचा फरचा कोट गहाण टाकते, म्हणजे त्याच्या ताटातले कमी होऊ नये. त्याला पत्ता नसतो. ऑब्लोमोव्हने तिच्याकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याला तिचे उघडे, सतत कामात हलणारे कोपर दिसले होते. तिच्याशीच तो लग्न करतो, आणि त्या हातांवर पुढची सगळी वर्षे जगतो. बऱ्याच वाचकांना हा शेवट पराभव वाटतो, काहींना हेच त्याचे खरे सुख वाटते. दोन्ही मते येऊ द्या, फक्त प्रत्येक मताला गहाणवटीची यादी जोडून घ्या. त्याच्या मृत्यूनंतर ती जहागिरीच्या उत्पन्नातला एक पैसा घेत नाही, मुलासाठी ठेवा म्हणते. मुलाचे नाव आंद्रेई, स्टोल्झचे नाव. इल्याचा मुलगा इल्या ही साखळी इथे थांबते. ते कुणी थांबवले, यावर बोला.

समीक्षा शेवटच्या बैठकीपर्यंत बाजूला ठेवा, नाहीतर गट दुसऱ्याचे मत घेऊन वाचतो. डोब्रोल्युबोव्हचा ‘अब्लोमोवश्चिना म्हणजे काय?’ आणि अलेक्झांडर द्रुझिनिनचा लेख, दोन्ही १८५९चे. पहिला म्हणतो की हा रोग भूदासांच्या जिवावर पोसलेला आहे. दुसरा ऑब्लोमोव्हच्या निर्मळपणाची बाजू घेतो. निकिता मिखाल्कोव्हचा १९७९चा चित्रपटही त्यानंतरच बघा. ओलेग ताबाकोव्हचा ऑब्लोमोव्ह इतका लोभस आहे की आधी बघितला तर पुस्तकातला माणूस दिसेनासा होतो.

शेवटचे प्रकरण बैठकीत पूर्ण वाचा, जमल्यास दोन आवाजांत. स्टोल्झ एका लेखकाबरोबर चालला आहे, आणि चर्चजवळच्या भिकाऱ्यांत त्याला झाखार सापडतो, म्हातारा, दारूने आणि थंडीने नाक लाल झालेला. हाच झाखार भांडी फोडायचा, चिल्लर लाटायचा, मालकाची गाऱ्हाणी दारात उभा राहून सांगायचा. स्टोल्झ त्याला गावी चल म्हणतो, आंद्रेईला बघायला. कबरीपासून लांब जायला त्याचे मन घेत नाही. लेखक विचारतो, हा ऑब्लोमोव्ह कोण? स्टोल्झ सांगू लागतो. तो लेखक कसा दिसतो ते गोंचारोव्हने एका ओळीत दिले आहे: स्थूल, निरुत्साही चेहऱ्याचा, डोळे विचारात बुडालेले आणि झोपाळू. ती ओळ ज्याने पहिल्या बैठकीत सर्वांत आधी ‘हा तर मीच’ म्हटले होते, त्याला वाचायला द्या.